दीड आटा

अग्रहार, म्हैसूर
गुरुवार

प्रिय हर्षी,

कुरिअरनं आलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि वनजाक्कांकडे गप्पा मारायला जाताना दुखत नाही. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. ‘जेवलीस का’ विचारून मी फोन आईच्या हातात देतो. शनिवारी तू येशीलच, पण तू समोर बसलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटेल. म्हणून लिहितोय. माझं मराठी अर्धं कन्नड आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढं सांभाळून घे.

गेल्या शनिवारी जेवताना तू किती सहज सांगितलंस की चेन्नईच्या रेसिंग टीमनं वर्कशॉपमध्ये बोलावलंय, येत्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. आईनं का विचारलं, तर म्हणालीस, एक साधी स्प्रिंग मला नीट हिशोबात बसवता आली नाही, मी कुणाच्या इंजिनाला हात लावू? वर हसून ताक मागितलंस. माझा घास तोंडातच फिरत राहिला. वर्षभर तू विम्याच्या कंपनीत लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढतेस, बॉनेट उघडलं तरी आत बघत नाहीस, हे काय मला दिसत नाही? बाप आहे मी, भिंत नव्हे.

मला ते दिवस सारखे आठवतात गं. ती जुनी टर्बोवाली हॅचबॅक तू इथल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलीस तेव्हा आई म्हणाली होती, पोरी सोनं घेतात, आमची भंगार घेते. तू पुढच्या खोलीत माझ्या लेथशेजारी फरशीवर पालथी पडून मला शिकवायचीस. मला! चौतीस वर्षं टूलरूममध्ये घालवलेल्या माणसाला! टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, दाब ठरावीक झाला की एक झडप उघडून तो आवरते. आपण त्या झडपेकडे जाणाऱ्या नळीत एक पितळी तुकडा बसवायचा, आत एक गोळी आणि तिच्यावर स्प्रिंग. स्प्रिंग गोळीला धरून ठेवते, तोवर झडपेला दाबाचा पत्ताच लागत नाही आणि इंजिनाला जास्त हवा मिळते. वरचा स्क्रू आवळला की दाब वाढतो, ढिला केला की कमी होतो. बाजारात तयार मिळतो, मी म्हटलं. त्यात मजा काय अप्पा, तू म्हणालीस.

पहिला तुकडा मी झकास कातला आणि तो चाललाच नाही. पायडल सोडल्यावर कोंडलेली हवा बाहेर पडायला सुईएवढं भोक लागतं, ते दोघंही विसरलो होतो. दोन दिवस मी तुझ्या गणिताला आणि तू माझ्या लेथला नावं ठेवत होतो. मग तू मध्येच ताटावरून उठलीस, अय्यो अप्पा, भोक! असं ओरडलीस, आणि हुळी-भाताचे हात तसेच घेऊन लेथकडे धावलीस. आईनं दोघांचा उद्धार केला. त्या रात्री मला वाटलं, आपल्या घरात इतकं हुशार माणूस कधी जन्मलंच नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. आपल्याकडे पोरांची तोंडावर स्तुती करत नाहीत, म्हणे दृष्ट लागते. काय मूर्ख रीत आहे बघ.

तुला एक सांगू? आपण रंगारी. तुझ्या अज्जांनी भट्टी बंद केली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, पण त्यांचा हात माझ्यात उतरलाय. कापड पहिल्यांदा बुडवताना ते ठरल्याच्या अर्धाच रंग घालत. रंग चढवता येतो, उतरवता येत नाही, असं म्हणायचे. गिऱ्हाइकानं गडद सांगितलेलं असो, पाहुणे दारात उभे असोत, पहिली बुडी फिकीच. आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत हं, आपणच ठरवायचे. मी टूलरूममध्येही तसाच होतो, जॉब केसभर जाड ठेवायचा, मग बघू. तू चिडवायचीस ना, अप्पा मिठातसुद्धा हात राखतात.

मग कोइमतूरची ती घरी बांधलेल्या गाड्यांची शर्यत आली. आदल्या संध्याकाळी सरावात दाबाचा काटा तू कागदावर लिहिलं होतंस तिथेच, पॉइंट नऊवर, जाऊन उभा राहिला. तुला झोपच लागेना. दुसऱ्या दिवशी तपासणी होऊन बॉनेटला सील लागलं, तू हेल्मेट घातलंस, आणि दोन्ही फेऱ्यांत काटा पॉइंट सहाच्या वर सरकलाच नाही. अठरा गाड्यांत चौदावी. सकाळी तुझं ड्रॉइंग बघून गेलेली चेन्नईच्या टीमची माणसं वही मिटून पुढच्या गाडीकडे गेली. सील निघाल्यावर तू सगळ्यात आधी स्क्रू बघितलास. स्क्रू हलला तर कळावं म्हणून तू त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होतास. ठिपका जागच्या जागी होता. मग काय उरलं? स्प्रिंग दबून ढिली पडली, म्हणजे माझंच गणित चुकलं, असं तू म्हणालीस. रडली असतीस तर बरं झालं असतं. तू तो तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, अप्पा, हे पितळ भंगारात द्या.

मी दिलं नाही. लेथच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवलं. खरं सांगतो पुट्टी, मला ते वर्ष वाईट गेलं नाही. तू बेंगळूरला नोकरीला लागलीस, दर शनिवारी घरी यायला लागलीस, माझ्या ताटातली फोडणीची मिरची चोरायला लागलीस. मनात म्हणायचो, चेन्नईला गेली असती तर वर्षातून दोनदा दिसली असती. हे लिहिताना मला स्वतःची शरम वाटते.

आता मंगळवारची हकीगत. तुझं ते नाही ऐकल्यापासून मला झोप नव्हती. पहाटे उठलो, तो तुकडा काढला, स्क्रू तुझ्या कागदावर लिहिलाय तितकाच आवळला आणि इथेच उभ्या असलेल्या तुझ्या गाडीत बसवला. काट्याकडे बघायला दुसरं माणूस हवं, म्हणून आईला उठवलं. ती शाल गुंडाळून, चष्मा लावून, रामाचं नाव घेत शेजारी बसली. येलवाल मागे टाकल्यावर रस्ता मोकळा मिळाला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि तुझी आई बसवाल्या कंडक्टरसारखी ओरडत होती, सात, आठ, नऊ, अहो नऊ! अजून नऊच! तिसऱ्यांदा केलं, तरी नऊ. वर्षभर खणात पडलेली तीच स्प्रिंग, तीच गोळी, तेच गणित. मी गाडी बाजूला घेतली. आईनं चष्मा काढला आणि विचारलं, मग तिथे कोइमतूरला काय झालं होतं?

मी सांगितलं. तेव्हापासून तिनं माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. आज दुपारी पान मांडलं, कागद-पेन आणून पानाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, आधी तिला लिहा, मग वाढते. तर हर्षी, शर्यतीच्या सकाळी तू फॉर्म भरायला रांगेत उभी होतीस, तेव्हा मी तुझा स्क्रू दीड आटा ढिला केला. तुझा ठिपका नखानं खरवडला आणि नवा दिला. ती बाटली मी घरूनच खिशात घालून नेली होती, म्हणजे घाईत झालं, चुकून झालं असंही म्हणता येत नाही. गाडी तू चालवणार होतीस. इंजिन फुटलं तर, तुला काही झालं तर, एवढंच डोक्यात होतं. पहिली बुडी फिकी असू दे, पुढच्या शर्यतीला पुरा रंग चढवू, असं मी ठरवलं, तुला न विचारता. पुढची शर्यत झालीच नाही. तू स्वतःला दोष दिलास आणि मी वर्षभर समोर बसून ऐकलं. चेन्नईवाले आज तुझं ड्रॉइंग लक्षात ठेवून बोलावतात, आणि तू माझ्या पापापायी नाही म्हणतेस. माझ्यावर राग धर, शनिवारी येऊ नकोस, चार महिने बोलू नकोस, मी चकार शब्द काढणार नाही. पण तुझं गणित बरोबर होतं, पोरी. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. सोमवारी त्यांना हो म्हण.

तुझाच, तुझ्या सगळ्या रागाचा धनी,
अप्पा