कोबेचा बुद्ध केवढा होता

९ सप्टेंबर

ह्यांनी सांगितलं त्या सकाळीही मी आजच्यासारख्या चादरीच वाळत घालत होते. बाहेर बर्मिंगहॅमचा फेब्रुवारी, म्हणून घरातच, स्टँडवर. हे खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढत होते — किल्ली लावून, खाली जुना टॉवेल धरून. कचऱ्याच्या बिन्सचा दिवस होता. आज हिरवी बाहेर काढायची की करडी, यावरून आमचं नेहमीचं झालं. डाळ शिजली होती, फोडणी राहिली होती. टॉवेल पिळता पिळता हे म्हणाले, "नोव्हेंबरात जपानला, कोबेला जाऊ. दोघांचं बुक केलंय."

झालं. सांगून मोकळे. मी म्हटलं, करडी बिन आहे आज, बघून या.

एप्रिलमध्ये हे गेले. ज्या हॉस्पिटलचे बॉयलर सांभाळले तिथेच, वरच्या मजल्यावर.

आज टूर कंपनीचा ईमेल आला. दोन नावं. ह्यांचं वर, माझं खाली.

१० सप्टेंबर

कुशलला एडिनबराला फोन केला. म्हणाला, कॅन्सल करून टाकू, मी करतो सगळं. मग म्हणाला, "आई, तुझी गुडघा तिकडे दुखली तर? तू एकटी काय करणार?" मराठी चुकतं त्याचं, पण मुलगा प्रेमानेच बोलतो. शुक्रवारपर्यंत सांगते म्हटलं.

१२ सप्टेंबर

सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर

शेजारच्या आशाताई आल्या होत्या. त्या डॉक्टरांच्या घरातल्या, पुण्याच्या. कोबेचं ऐकून त्यांचा कप हातातच राहिला. "अहो, वर्ष तरी होऊ दे! वर्षाच्या आत असं फिरायला कोण जातं?" मी म्हटलं, आमच्यात वर्ष पाळत नाहीत. बाबासाहेबांनी ते सगळं सोडायला लावलं. त्या म्हणाल्या, बरं. जाताना दाराशी थांबल्या आणि ह्यांच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "मग हे अजून इथे कसे?"

 बूट आहेत तिथेच आहेत.

१८ सप्टेंबर

लायब्ररीत गेले. मी चौथीत शाळा सोडली. इंग्रजी शिकले ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत, पिशव्यांवरच्या लेबलांवरून, आणि मग याच लायब्ररीच्या लहान मुलांच्या कोपऱ्यात. आता मोठ्यांच्या बाजूला बसते. डिक्शनरी लागते अधूनमधून, पण लागते तर लागते.

जपानचं गाइडबुक काढलं, कोबेची पानं उघडली. बंदरावर एक लाल टॉवर आहे, कमरेत बारीक, डमरूसारखा. जवळच भूकंपात मोडलेला धक्का तसाच ठेवलाय — दिव्यांचे खांब वाकलेले, तेही तसेच. डोंगराच्या उतारावर परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं, एकाच्या छपरावर वारा दाखवणारा कोंबडा. चायनाटाऊन. स्टेशनच्या मागे धबधबा, आणि त्याच्यावरून जाणारा रोपवे.

आणि बुद्ध. हेच शोधत होते. ह्यांचं, पद्माकर कांबळेंचं, नाव निघालं की विहारात सगळ्यांना कोबेचा बुद्ध आठवतो. हे तरुणपणी बोटीवर होते, इंजिनात यंत्रांना तेल देणारे ऑइलर. १९७६ साली बोट कोबेला लागली. हे बुद्धासमोर उभे राहिले आणि मोठ्याने त्रिसरण पंचशील म्हटलं. दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हे ही गोष्ट सांगायचे. पोरं आधीच पुढची वाक्यं म्हणायची.

पुस्तकात लिहिलंय — मूर्ती १८९१ची. युद्धात १९४४ला धातूसाठी नेऊन वितळवली. नवी बसवली १९९१ला.

तीनदा वाचलं. डिक्शनरीत 'मेल्टेड' पाहिलं. ठाऊक होता तो शब्द, तरी पाहिला.

शहात्तर साली तिथे बुद्ध नव्हता.

खाली कॅफेत गेले आणि सवयीने दोन चहा मागितले.

१९ सप्टेंबर

काय पाहिलं होतं मग?

२१ सप्टेंबर

विहारातली मृणाल आली. बर्मिंगहॅममध्येच जन्मलेली, विहाराचे कार्यक्रम आता तीच बघते. म्हणाली, "काकू, यंदा काका नाहीत, तर स्टोरी तुम्ही सांगा ना. आणि नोव्हेंबरमध्ये तिकडे गेलात की बुद्धाचा मोठा फोटो काढून आणा, आपण फ्रेम करून लावू. काकांच्या नावाने." किती मनापासून बोलत होती.

मी म्हटलं, बघते.

ती गेल्यावर ह्यांचा फार राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा. भांडी जोरात घासली. एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसून मी मान डोलावली! आणि लोक विचारायचे तेव्हा मीच पुढे होऊन सांगायचे, फार मोठा होता हो, फार मोठा. हे गप्प बसायचे. आता आठवतं — गप्पच बसायचे. वाटेतला चढ सांगायचे, अंगण झाडणारा म्हातारा सांगायचे. बुद्धाचा चेहरा कसा होता हे कधी सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर

क्रॉयडनला यादवरावांना फोन केला. हे दोघे एकाच बोटीवर होते. फोन शांताबाईंनी घेतला. जय भीम झालं, त्यांच्या मोतीबिंदूचं झालं, ट्रामच्या गर्दीचं झालं. मग यादवराव आले. मी सरळ विचारलं.

ते परत ट्रामवरच गेले. मागे शांताबाई म्हणाल्या, सांगा की आता, कोणाची भीती आहे?

मग सांगितलं. बोट दुरुस्तीला थांबली होती. दोघांना एक दिवस सुट्टी मिळाली. बाकीचे बाजारात गेले. ह्यांनी कागदावर बुद्ध काढला आणि तो दाखवत दाखवत शहरातून चालले, यादवराव मागे कुरकुरत. देवळात एक म्हातारा अंगण झाडत होता. कागद पाहून त्याने ह्यांना आत नेलं. तिथे उघड्यावर दगडी ओटा. वर काही नाही. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी बंदूक धरल्यासारखं केलं, मग हात झटकले. ह्यांना कळलं. ह्यांनी बूट काढले, ओट्यासमोर उभे राहिले आणि त्रिसरण सुरू केलं.

"मी हसलो, वहिनी," यादवराव म्हणाले. "म्हटलं, पद्या, आहे कोण समोर? तर म्हणाला, 'आमच्या खोलीत तरी कुठे होती मूर्ती? आबा भिंतीलाच हात जोडायचे.' मग मीही बूट काढले."

आबा म्हणजे माझे सासरे. छप्पनला नागपूरला दीक्षा घेऊन आले, घरातले देव काढले, आणि पुढे किती तरी वर्षं भिंतीवर नुसता खिळा होता. हे मला माहीत होतं. ह्यांनीच सांगितलेलं.

मी विचारलं, मग खोटं कशाला सांगितलं?

यादवराव म्हणाले, परत आलो तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याकडेच उतरलो होतो. आबांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, केवढा होता रे बुद्ध? पद्माकरने त्यांचा हात धरून वर उचलला, त्यांना स्टुलावर चढवून तो पार छतापर्यंत नेला. एवढा, म्हणाला. आबांनी हात खाली घेतलाच नाही बराच वेळ.

"त्यानंतर मागे कसं घ्यायचं, सांगा तुम्ही."

मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

२६ सप्टेंबर

कुशलला कळवलं. जाणार आहे. ह्यांचं नाव काढ, माझं राहू दे. तो म्हणाला, "आर यू शुअर?" म्हटलं, हो. गुडघ्याला पट्टा घेऊन ठेवलाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. पांढरी साडी नेसले. सगळ्याच जणी पांढऱ्यात, त्यामुळे मी विधवा वगैरे काही वेगळी दिसत नव्हते. हे मला आमच्यातलं आवडतं.

मृणालने माइक दिला. मी जसं झालं तसं सांगितलं. ओटा, म्हातारा, बंदूक, बूट. आबांचा हात पण सांगितला. पोरं पुढची वाक्यं म्हणायला तयार होती, ती थांबली.

टाळ्या झाल्या नाहीत. मी स्टेजवरून उतरताना विहाराचे ट्रस्टी परीक्षित म्हणाले, "वहिनी, हे आता सांगायची गरज होती का? माणूस गेला." त्यांना वाईट वाटलं होतं, ह्यांना फार मानायचे. मी म्हटलं, मला गरज होती.  जेवणाच्या रांगेत काही बायका माझ्याशी जरा जपून बोलल्या, आजारी माणसाशी बोलतात तसं.

मृणालने डबा भरून दिला. फोटोचं काही म्हणाली नाही. मीच म्हटलं, आणते.

१३ ऑक्टोबर

करडी बिन. विसरले नाही.

३ नोव्हेंबर

बॅग भरली. चटणी, मेथीचे ठेपले, पट्टा, डिक्शनरी. आशाताईंनी लोकरीचे मोजे दिले. "वर्षाचं काही म्हणत नाही आता मी," म्हणाल्या. ह्यांचे बूट खोक्यात घालून जिन्याखाली ठेवले. दिले नाहीत. ठेवले.

९ नोव्हेंबर, कोबे

आज आमच्या ग्रुपला मोकळा दिवस होता. हॉटेलातल्या मुलीने नकाशावर देऊळ लाल पेनाने गोल करून दिलं. एक स्टेशन आधीच उतरले आणि बाकीचं चालले. चढ कुठे दिसला नाही. ह्यांनी चढ का सांगितला कोण जाणे. दमले असतील.

अंगणात कोणी झाडत नव्हतं. बुद्ध होता. पाठीमागे आकाश, बाजूला विजेच्या तारा. मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. ह्यांनी आबांचा हात जिथवर नेला होता, त्याच्याही कितीतरी वर.

बूट काढले. जमीन गार होती. त्रिसरण मोठ्याने म्हटलं. दुसऱ्या ओळीला आवाज गेला, परत पहिल्यापासून म्हटलं. शाळेतल्या मुली आल्या होत्या, त्या बाजूला होऊन थांबल्या.

मृणालसाठी फोटो काढला. पूर्ण बुद्ध काही मावेना. मग मांडीपासून वरचा एक काढला आणि खालच्या चौथऱ्याचा वेगळा एक. दोन्ही फ्रेम करा म्हणणार आहे.

यादवरावांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं — केवढा आहे!

संध्याकाळी बंदरावर त्या वाकड्या दिव्यांपाशी बसून ठेपला खाल्ला. आता मला इथे काही शोधायचं उरलं नाही. रिकामं वाटलं. रडू नाही आलं. थंडी वाजायला लागली तशी उठले.

११ नोव्हेंबर

काल ग्रुप बसने क्योटोला गेला. मी गेले नाही. स्टेशनमागे जाऊन रोपवेच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. ह्यांच्या वेळी तो नव्हताच, त्यामुळे त्यांनी त्याचं कधी काही सांगितलेलं नाही. खिडकीतल्या बाईने किती तिकिटं विचारलं तेव्हा एक बोट दाखवलं आणि वर गेले.