माळ पुरी होईपर्यंत

३ नोव्हेंबर ९८, सापगाव
आज दत्ताच्या नावाच्या पाच माळा. हे सहाला आले. गाडीचा आवाज आला तेव्हा शेवटच्या मण्यावर होते. बरोबर बसलं.
श्रावणात वाशिंदजवळ हायवेला ट्रक ह्यांच्या मोटरसायकलला घासून गेला. तेव्हापासून कंपनी सुटायची वेळ झाली की माझी छाती धडधडते, हात गार पडतात. माळ घेतली की हात गरम होतात. हे खरं आहे, कोणी काही म्हणो.

६ नोव्हें.
सात माळा. पाचाच्या सात कधी झाल्या? मध्ये बोललं गेलं तर ती माळ मोजायची नाही, पहिल्यापासून सुरू. हा नियम कोणी केला? मीच. दत्ताने काही सांगितलेलं नाही.
सासूबाई खूष. शेजारणीला सांगत होत्या, "सून माजी देवाची झाली गो." वैशूला दम: "आईची माळ चालू हाय, हाक नाय मारायची." पोर सात वर्षांची, पण शहाण्यासारखी गप्प बसते. घर कसं शांत. मला आवडतं.

९ नोव्हें.
ह्यांना विचारलं, मी माळ ओढली नसती तर? हसले. "अगो, मी ब्रेक मारतो म्हनून घरी येतो." राग आला. मग वाटलं, असेलही. मग वाटलं, ब्रेक लागतो तो कुणामुळे?

१२ नोव्हें.
वैशूचा हात भाजला. चुलीवर पेज उतू जात होती. सासूबाई देवळात. पोरीने मला हाक मारली नाही, शिकवलंय ना. फ्रॉकने धरून टोप उतरवायला गेली. किंचाळली.
नऊ मणी राहिले होते.
ते पुरे करून मी उठले.
कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं मी धावले. डोक्यात एवढंच होतं, आता उठले तर हे रस्त्यात... आणि लेक समोर रडत होती. कसली आई मी.

१३ नोव्हें.
शहापूरला ड्रेसिंग. वैशूचा हात बघता बघता डॉक्टरांचं लक्ष माझ्याकडे. "तुमचे हात का थरथरतात?" सगळं सांगितलं, नऊ मणी सोडून. म्हणाले, हा भीतीचा आजार, गोळ्या घ्या, आणि काही दिवस संध्याकाळची माळ बंद. देव सोडा म्हणाले नाहीत, त्यांच्याच टेबलावर गणपती आहे. मग माझी भक्ती तेवढी आजार? विचारायचं राहिलं.

१४ नोव्हें.
माळ सासूबाईंकडे दिली. पाच ते सहा भांडी घासली. घासलेली परत घासली. हे आले.

१८ नोव्हें.
पाचवा दिवस. रोज येतायत. म्हणजे माळेमुळे येत नव्हते? मग इतके महिने मी काय करत... हलकं वाटतंय, आणि फसल्यासारखंही. सासूबाई रुसल्यात. "डाक्तरनं देव सोडवला." गोळीने झोप मात्र छान लागते.

२१ नोव्हें.
संध्याकाळी वैशू ओटीवर पाठमोरी. पट्टीच्या हाताने चिंचोके एका ढिगातून दुसऱ्या ढिगात, ओठ हलतायत. हाक मारली, ओ नाही. ढीग संपल्यावर वळली.
"मधी बोलू नको ना आई. परत पयल्यापासून करावा लागतो."
कधीपासून करतेस?
"तू सोडलंस तवापासून. पप्पा येतात ना, ते माज्यामुळं येतात."
चिंचोके तिच्या पुढ्यातून बाजूला सारले. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते. बरं झालं, कोणीतरी करतंय.
पुरे आता, ऊठ, असं म्हणायला तोंड उघडलं. सव्वासहा होऊन गेले होते आणि हे आले नव्हते. तिने चिंचोके परत पुढ्यात ओढले.
मी तोंड मिटलं आणि तिच्या शेजारी बसले.