बाहेरची खुर्ची

इंदिरा नगर, लखनौ
४ मे २०२४

ती. सुरेखाताईस,
कमलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे. या खेपेला तेवढं सोडून देते. तू म्हणशील, ही काय आता पत्रं लिहायला लागली! ताई, फोन मी बंद करून गव्हाच्या डब्यात टाकलाय. माझी लेक स्नेहल स्कूटीवरून पडून गेली, ते फोनवरच कळलं. तेव्हापासून कुणाचाही फोन वाजला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तीन महिने होत आले. जलदान विधीला आलेली माणसं आपापल्या घरी गेली. तेराव्याची तेरहवीं का नाही केली, हे विचारून शेजारणीही थकल्या. आता आम्ही दोघंच. हे ऑफिसला जातात, येतात, जेवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. चहा दिला तर कपाकडे बघतात. का, ते मला ठाऊक आहे, आणि ते मी तुलाही लिहिणार नाही. पण असंच चाललं तर मी एक दिवस स्वतःचं काहीतरी करून घेईन, अशी भीती वाटते.

म्हणून बोलून मन हलकं करणारा डॉक्टर शोधतेय. मोठ्या दवाखान्यातल्याने चार मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरा तरुण होता, लॅपटॉपवाला. त्याने विचारलं की दुःख एक ते दहामध्ये किती. मी सात म्हणाले. दहा म्हणणं बरं दिसलं नसतं. यांना सांगितलं तर म्हणतात की आपण रोज 'अत्त दीप भव' म्हणतो, आपला दिवा आपणच व्हायचं, परक्यापुढे कशाला रडायचं.

आणि मोहरीची गोष्ट पुन्हा सांगू नकोस. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण, हे मला पंधरा जणांनी सांगून झालंय. आता फोडणीतसुद्धा मोहरी नकोशी वाटते.

उत्तर फोनवर नको, कागदावर दे. तुझी माया आहे म्हणून लिहिलं.

तुझी,
कमल

---

नागपूर
१३ मे २०२४

चि. कमल हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. स्वतःचं काही करून घेण्याचं लिहिलंस, ते मी वाचून न वाचल्यासारखं करणार नाही. बबनरावांना रोज सकाळी सात वाजता फोन करून तुझी चौकशी करते आहे, त्यांना आवडो न आवडो. जूनअखेरचं तिकीटही काढलंय. तोवर तसा विचार मनात आला, तर तडक शेजारी जाऊन बस. त्यांनी तेरहवींचं विचारलं तरी चालेल.

मोहरीची गोष्ट सांगणाऱ्या पंधरांत मी पहिली होते. चुकलं माझं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे कुणी रडताना दिसलं की धडा आठवतो.

दोन डॉक्टर जमले नाहीत तर तिसरा बघ. चपलासुद्धा आपण चार दुकानं फिरून घेतो. आणि बबनरावांना माझा निरोप दे की दिवा आपणच व्हायचं हे खरं, पण त्यात तेल घालायला दुसऱ्याचा हात लागला तर दिवा बाटत नाही. आत बसायचं नसेल तर बाहेर बसा म्हणावं, पण तिला एकटीला पाठवू नका. हे मी फोनवरही सांगणार आहे.

यांचा तुम्हा दोघांना जय भीम. जेवत जा. माझ्यावर चिडलीस तरी लिहीत राहा.

तुझी ताई,
सुरेखा

---

इंदिरा नगर, लखनौ
१२ जून २०२४

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तिसरी सापडली. विभा नाव. इथल्या महानगर भागात, कपूरथला बाजाराच्या मागे, घराच्या वरच्या मजल्यावर बसते. प्लायवुडची भिंत, एक कूलर. तुझा धाक असा की हे दर मंगळवारी माझ्यासोबत येतात, बाहेरच्या खुर्चीवर पाच मिनिटं टेकतात आणि चहा प्यायला बाजारात निघून जातात.

पहिले तीन मंगळवार वायाच गेले. ताई, माझी हिंदी भाजीवाल्याशी बोलायची. त्या हिंदीत मी सांगते की बेटी चली गई, आणि ते टमाटर कैसे दिए म्हटल्यासारखंच निघतं. डोळ्यांत पाणी नाही. विभाच्या ते लक्षात आलं. काल ती म्हणाली की तुमच्या भाषेत बोला, मला नाही कळलं तरी चालेल, मी बसून राहीन.

मग मी मराठीत बोलले. कूलरच्या वर आवाज काढून चाळीस मिनिटं बोलले, ओरडले, रडले. तिला त्यातलं काही कळलं नसणार, म्हणूनच बोलता आलं. आता तुलाही सांगते. त्या संध्याकाळी स्नेहल बँकेतून निघाली तेव्हा मी तिला फोन केला होता. येताना दही आण म्हणाले. ती गाडीवरच होती, मागे हॉर्न ऐकू येत होते. तिने नेहमीसारखं हिंदीतच सांगितलं की आणते मम्मी, आता ठेव. मी ठेवला नाही. आंबट बघून आण, असं सांगत बसले. मग नुसता आवाज झाला.

हे यांना कळलं असणार. म्हणून बघत नाहीत. दही कशाला हवं होतं, ते विचारू नकोस.

बाहेर आले तर हे खुर्चीवरच बसलेले. उन्हामुळे बाजारात गेलेच नव्हते. विभाला माझी भाषा कळत नव्हती, पण भिंतीपलीकडे ती कळणारा एक माणूस बसलाय, हे मी साफ विसरले होते. आज सकाळी हे चहा न घेताच ऑफिसला गेले. मला फार भीती वाटते. तू लवकर ये.

तुझी,
कमल

---

इंदिरा नगर, लखनौ
१५ जून २०२४

आदरणीय सुरेखाताई,
सविनय जय भीम.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. रोज सकाळी फोनवर सगळं ठीक म्हणत होतो, ते खोटं होतं.

मंगळवारी मी सगळं ऐकलं, पण मला त्यात नवं काही नव्हतं. स्नेहलचा मोबाईल पोलिसांनी तिसऱ्या दिवशीच माझ्या हाती दिला होता. शेवटचा कॉल आईचा. तो किती वेळ चालला आणि अपघात कधी झाला, हे मी ताडून पाहिलं होतं. कमलला ते कळू नये म्हणून मोबाईल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. फोन चालू असतानाच गाडी पडली, हे तिच्या लक्षात आलं नसेल, अशी माझी समजूत. तिच्याकडे बघितलं की माझ्या चेहऱ्यावरून तिला कळेल, म्हणून चार महिने मी बघितलं नाही. ती त्याला राग समजली. तिला वाचवायला गेलो आणि तिलाच मारत होतो.

गुरुवारी मोबाईल घरी आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उघडला नाही, नुसता हातात धरून बसली. मग मी दही आणलं. का आणलं ते सांगता येणार नाही. फेब्रुवारीपासून घरात दही आलं नव्हतं. दोन दिवस ते तसंच पडून आंबट झालं. आज तिने त्याची कढी केली. समोरासमोर बसून जेवलो, आणि मी तिच्याकडे बघितलं. फार वाळली आहे.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. त्या दिवशी सकाळी कढी कर म्हणून मीच मागे लागलो होतो. आंबट दह्याची हवी, असंही मीच म्हणालो होतो. मंगळवारी ती चाळीस मिनिटं बोलली. स्वतःला नाही नाही ते बोलली. ज्या खोलीत तिचं बोलणं कळणारं कुणी नव्हतं, त्या खोलीतही कढी कुणी मागितली, हे तिने सांगितलं नाही.

येत्या मंगळवारी मी आत जाणार आहे. तुम्ही लवकर या. रागवा, पण आम्हाला सोडू नका.

आपला,
बबन