भिंतीपलीकडून

३ मार्च
आले एकदाची! मावशीने दारातच मिठी मारली आणि लगेच म्हणाली, वाळून काडी झालीस. तिचं शिवणकामाचं दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन मशिनी, कापायचं लांब टेबल, खिडकीतून खालचा रस्ता. काका कॉलरींचे उस्ताद. बोलतात कमी, खोकतात जास्त. मला काज-बटणं दिलीयत. आईबाबा अजून छावणीत आहेत, घराचं मार्गी लागलं की येतील. डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलंय. भूकंपाचा दिवस मला आठवत नाही. ढिगाऱ्यातून एकतीस तासांनी काढलं म्हणे. त्या म्हणाल्या, कोवळं मन नको ते कुलपात टाकतं, घाई करू नकोस. मला कसली घाई? सतरावं वर्ष, नवं गाव, स्वतःची कात्री!

९ मार्च
माझ्या मशिनीवर एक छोटा शर्ट सापडला. निळा, पाच-सहा वर्षांच्या पोराच्या मापाचा. ऑर्डर कुणाचीच नाही. काका म्हणाले, तूच शिवलास की, दुपारभर मान वर केली नाहीस. मला काहीच आठवेना. डावा खांदा अर्धा इंच उतरता घेतलाय. माप कुठून घेतलं मी? मावशीने शर्ट पाहिला आणि तोंडावर हात ठेवून आत गेली.

११ मार्च
आणखी एक. तोच खांदा. मावशी म्हणाली, असू दे गं, उरल्या तुकड्यांचं सोनं झालं. हसली, पण डोळे भरले होते.

१४ मार्च
दुपारी सगळे जेवत होतो, मशिनी बंद. भिंतीतून टकटक. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. शेजाऱ्यांचं काही चाललं असेल म्हणून खिडकीतून डोकावले. त्या बाजूला शेजार नाहीच. नुसती हवा, खाली रस्ता. मावशीला, काकांना काही ऐकूच आलं नाही.

१५ मार्च
मावशीच्या खनपटीलाच बसले. शेवटी बोलली. मला भाऊ होता. सहा वर्षांचा. टिल्लू म्हणायचो म्हणे त्याला. झोक्यावरून पडून डावा खांदा उतरला होता त्याचा. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, तिचं तिला आठवू दे. मावशीने फोटो दाखवला. माझ्या कडेवर एक पोरगा. कुणाच्या तरी भावाकडे बघावं तशी बघत राहिले. स्वतःचीच किळस आली.
तेवढ्यात टकटक— फोटो हातातून पडला.

१७ मार्च
नको म्हटलं तरी हात शिवतात. भरदुपारी, सगळ्यांदेखत. काकांनी भिंतीला कपाट लावलं. आता कपाटातून वाजतंय.

१८ मार्च
आठवलं.
अंधार. तोंडात माती. मधे भिंत. पलीकडून तो वाजवायचा, अलीकडून मी. त्याचं तीनदा म्हणजे ताई, आहेस का. माझं तीनदा म्हणजे आहे. मग माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा वाजत नव्हतं. तो किती वेळ वाजवत— मी उत्तर दिलं नाही तेव्हा तो किती वेळ—

१९ मार्च
मावशी डॉक्टरीणबाईंना आणायला गेलीय. काका दाराशी बसलेत. उत्तर द्यायचं नाही, मावशीने शपथ घातलीय. कपाट हलतंय. कानांत बोटं घातली तरी—

वाजवलं मी. तीनदा.

सगळं थांबलं. रस्त्याचा आवाजही. काका दिसत नाहीत. दार कुठे— इथेच होतं दार—

अगदी कानाशी. विचारतोय, ताई, झोपली होतीस का?

नाही रे. नाही. जागीच होते मी, ऐक ना, जागीच—