वण केवढा येणार?

काटेवाडी,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. रामराव पाव्हणे यांस म्हस्कूचा रामराम, वि. वि.

इकडे म्हशी खुशाल, ऊस खुशाल आणि तुमची बहीण सारजा माझ्यावर ओरडण्याइतकी खुशाल आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझ्या डाव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ निघाली. कॅन्सरचीच आहे, पण अगदी सुरुवातीची, काढली की माणूस सुटला, असे पुण्याचे डॉक्टर म्हणाले. (विडीचा विषय काढू नये. सोडली आहे.)

आता अडचण अशी, की तिथे डॉक्टर दोन. थोरले म्हणतात, छाती उघडू, हात घालून नीट चाचपू, हे आमचे जुने हातखंडा काम. धाकटे म्हणतात, तीन भोके पाडू, एकातून कॅमेरा घालू आणि टीव्हीवर बघत तेवढा भाग काढू. दुखणे कमी, घरी लवकर, पण पद्धत नवी. दोघेही म्हणाले, कुठलेही करा, पण लवकर करा. म्हणून मी गावाला विचारले. इथेच माती खाल्ली. बिरू ट्रॅक्टर मेस्त्री म्हणाला, "तात्या, हेड उतरवल्याबिगार इंजनाचं काम हुतंय व्हय?" शेजारची रंगूबाई म्हणाली, "टीव्हीवर बघून कापत्यात? आन ऐन टायमाला लाइट गेली म्हंजी?"

त्यात आमचा सावळाराम. त्याच्या पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून लग्न असो की दहावा, हा सदरा वर करून वीतभर वण दाखवतो आणि पहिल्या पंगतीला बसतो. आपल्याकडे भेटायला आलेला माणूस आधी वण बघतो, मग बिस्किटाचा पुडा ठेवतो. तीन भोकांवर कोण पुडा ठेवील? म्हणतील, म्हस्कू इंजेक्शन घेऊन आला. म्हणून माझा कल थोरल्यांकडे होता, तर सारजाने दोन दिवस बोलणे टाकले. (ते दोन दिवस बरे गेले.) या सगळ्यात पाच आठवडे झाले. चोर पुढच्या दाराने काढायचा की मागच्या, यावर पंचायत बसली आहे आणि चोर घरात बसून जेवतो आहे.

थोरामोठ्यांस नमस्कार. कळावे.

आपला,
म्हस्कू

ता. क. : येताना भिगवणची मासळी आणावी. पथ्य ऑपरेशननंतर सुरू होते.

आणखी ता. क. : पाव्हणं, वणाचे निमित्त आहे. मला दोन्ही डॉक्टरांची भीती वाटते. गाव बोलत राहते तोवर मला कोणी टेबलावर झोपवत नाही. तुम्ही या, चार शिव्या द्या आणि पुण्याला न्या. तुमचे मी ऐकतो. सारजाला कळू देऊ नका.

दादा, ह्ये पत्र ह्यांच्या खिशात आठ दिस पडून हुतं. सुनंनं वाचून दावलं, तीच लिवतीया. म्या बारामतीला जाऊन दोघा डाक्टरांस्नी फोन केला. थोरलंबी म्हणालं, ही गाठ भोकातनं निघंल. मंग धाकल्याला व्हय म्हणून टाकलं. सोमवारी न्यायचंय, तू रविवारीच ये. मला माणूस घरी पायजे. वण लांब पायजे आसंल तर इळी हितं हाय.
— सारजा