कुंकू लावलेलं पिस्तूल

मंगळवार, दिवेलागण, पुलगाव

दसऱ्याला बाबांनी तळेगावच्या घरी आपल्या परवान्याच्या पिस्तुलाची पूजा केली, कुंकू लावलं आणि आपट्याच्या पानांसोबत ते माझ्या ओंजळीत ठेवलं. "आता हे तुह्यं," म्हणाले. आजोबांनीही त्यांना असंच दिलं होतं. मी पाया पडले आणि घेऊन आले. मूर्ख!

आज वर्ध्याला कलेक्टर ऑफिसात विचारलं, ते माझ्या नावावर कसं करायचं. बाबू म्हणाला, "वारसाले देता येते, मॅडम. पण आधी तुमच्या नावाचा परवाना पाह्यजे. तोवर परवाना ज्याचा, पिस्तूल त्याच्यापाशीच. नसन ठेवाचं तर त्यानं ठाण्यात जमा कराव." ते माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, कुंकवासकट, हे सांगायला जीभ रेटेना.

घरी येऊन बाबांना फोन केला. म्हटलं, उद्या परत आणून देते.

बाबा म्हणाले, "नोको आणू, बेटा. तुही आई गेल्यापासून माह्या मनाचा भरोसा नाई."

म्हणजे तो मान नव्हताच? आणि मी फोटो काढून भावकीत मिरवले! ठेवलं तर गुन्हा. परत दिलं तर... नाही, लिहवत नाही. ते कुंकू पुसायचाही धीर होत नाहीये.

पुन्हा फोन केला. उद्या सकाळच्या बसनं बाबा इकडे येताहेत. इथूनच दोघं ठाण्यात जाऊ आणि जमा करू. रस्ताभर पिस्तूल त्यांच्याच हाती राहील, कायदाच तसा आहे. त्यांचा दुसरा हात मी सोडणार नाही.