क्षिप्रेवरचा तो उतार

बुधवार, संध्याकाळ

रविवारी टेबलावर खेळायच्या लढाईसाठी माळव्याचा नकाशा काढतोय. होळकर विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी. आज कंपनीकडून खेळणारा महूचा मिलिंद ऑफिसात आला, त्यानं नकाशातल्या क्षिप्रेवर बोट ठेवलं. "भिया, घोडे पार व्हायला हा उतार जुन्या नकाशात तर नाहीये."

"अरे, खेळाच्या बॅलन्ससाठी टाकला," म्हणालो. साफ खोटं. आमचे पूर्वज होळकरांच्या दप्तरात, त्याचे कंपनीच्या पलटणीत. आपल्या घोडदळाला निसटायला वाट हवी, म्हणून मीच नदी उथळ केली.

तो चिडलाही नाही. "राहू दे. मी तिथं तोफ नाही लावणार."

तेच डोक्यातून जात नाहीये. दया दाखवली का त्यानं?

घरी येऊन उतार खोडला. आता घोडदळाला वाट नाही. पेन्सिल मात्र अजून हातातच आहे.